म्ब्रुसालला हाक कोणी मारली?

१

"म्ब्रुसाल गेला! अरे धावा, म्ब्रुसाल गेला!"

चर्चमध्ये बायकांची गाण्याची तालीम चालली होती. सूर तसाच अर्ध्यावर लोंबकळला आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आवाज फिदेलचा, चीफच्या मुलाचा होता. मादलेनने तो ओळखला. म्ब्रुसाल गेला म्हणजे तिचा भाऊ गेला.

म्ब्रुसाल हे डुकराचं नाव. त्यातला पहिला आवाज बाहेरच्या माणसाला जन्मात जमत नाही. ओठ मिटायचे, नाकातून जरा हुंकार द्यायचा आणि कोंडलेली हवा अशी सोडायची की दोन्ही ओठ थरथरा फडफडले पाहिजेत. तान्ही बाळं पोट भरलं की थुंकी उडवत करतात ना, तसंच. बाकीच्या जगात ही हौस दात येईपर्यंत टिकते; मालेकुला बेटाच्या या किनाऱ्यावर ती भाषेतच मुरली आहे. डुकरांना बोलवायची हाक म्हणजे तर नुसता तोच आवाज, लांबवलेला. डोंगरावरच्या गावाची बोली वेगळी. त्यांना तो येत नाही, म्हणून ते खालच्यांना 'थुंके' म्हणतात.

बायका चर्चमधून आणि पुरुष नकामलमधून बाहेर पडले. नकामल म्हणजे पुरुषांची बैठक. दिवस कलला की तिथे कावा, मुळ्यांचं गुंगी आणणारं पेय, घोटतात, आणि बाईमाणसाने तिच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नसतं. कावा पोटात असताना धावणं ही शिक्षाच. चीफ माल्सेर झाडांना धरत धरत आले. "तो गेला? तो कसा गेला?" एवढंच पुटपुटत होते. मागून आलेले बाकीचेही "तो गेला, तो गेला" करत गोठ्याभोवती घुटमळले. बातिकमामा, ज्याने त्या जनावराला पोटच्या पोरासारखं वाढवलं, तो मातीत फतकल मारून बसला आणि रिकाम्या खुंटाकडे पाहत राहिला.

मादलेनने बॅटरी मारली. दोरी कापलेली नव्हती, सोडलेली होती. केळीच्या पानावर उकडलेल्या याम कंदाचे चार तुकडे उरले होते. खुरांच्या खुणा किनाऱ्याकडे उतरल्या होत्या, आणि तिथे भरतीच्या पाण्याने सगळं पुसून टाकलं होतं.

तेवढ्यात तिच्या आईने तिचा दंड घट्ट धरला. "ऐकलंस?"

"काय?"

"ढोल."

डोंगरावरचा ढोल रोज या वेळेला वाजायचा. आता तो थांबला होता. बातमी वर पोचली होती.

२

मादलेन तिकडे राजधानीत, विला शहरात, पोलिसात होती. वरच्या गावाशी व्हायच्या समेटासाठी रजा काढून आली होती. सकाळी चीफने तिला आपल्या अंगणात बोलावलं. त्यांचे डोळे रात्रभर मिटलेले दिसत नव्हते.

"पोलीस म्हणून नको, घरची लेक म्हणून विचार लोकांना," ते म्हणाले. "पोलिसांची लाँच येईपर्यंत सोमवार उजाडेल. आणि उद्या दुपारी नाऊरेची माणसं ओढ्यावर उतरणार."

नाऊरे हा वरच्या गावचा. मागच्या याम-काढणीच्या वेळी खोबऱ्याच्या ट्रकखाली त्याची मुलगी सापडली. दवाखान्यात नेता नेता गेली. ट्रकमध्ये पास्कॅल आणि फिदेल असे दोघेच होते. मी चालवत होतो, असं पास्कॅलने दोन्ही गावांपुढे कबूल केलं. तेव्हापासून मादलेनचा हा धाकटा भाऊ गावाच्या हद्दीबाहेर गेलेला नव्हता. नाऊरेच्या भावांनी ओढ्याकाठी कोयते परजून ठेवले होते. मोठ्या मिनतवारीने त्यांनी एक गोष्ट मान्य केली होती: म्ब्रुसाल द्या. दुसरा कुठला डुक्कर नाही. पूर्ण गोल फिरलेले सुळे असलेलं तेवढं एकच जनावर या किनाऱ्यावर उरलं होतं.

"आणि नाही दिला तर?" मादलेनने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"डुक्कर नाही तर माणूस," चीफ म्हणाले. "मी अडवीन. पण मी म्हातारा, आणि ते चाळीस जण. वर काय बोलतायत माहितीये? थुंक्यांनीच लपवला. कबूल केलेली गोष्ट द्यायची दानत नाही."

"आपल्यापैकीच कोणीतरी नेलाय, चीफ. हाकेशिवाय तो कोणामागे जात नाही, आणि वरच्यांना ती हाक येत नाही."

"म्हणून तर घास उतरत नाही, पोरी. उद्या पास्कॅलने दोरी हातात धरून सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, 'हे माझ्या हातून झालं.' दोरीवरचं बोलणं म्हणजे पूर्वजांसमोरचं बोलणं. तेवढं झालं असतं की सुटला असता."

गोठ्याला लागून जर्मेनआजीचं घर. गुडघे गेल्यापासून ती चर्चला जात नाही. दारात बसून चटया विणते आणि गावावर कान ठेवते.

"ऐकली की हाक," ती म्हणाली. "वटवाघळं उठली आणि हाक आली. लांब, स्वच्छ. मला वाटलं बातिकच खायला घालतोय."

"बातिकमामाचा आवाज होता?"

"हाकेला का आवाज असतो? ओठच ते. पण पुरुषाची होती, दमदार. पोराटोराची असती तर मध्येच फुटली असती. आणि म्ब्रुसाल हुं की चूं न करता गेला. अगं, परक्या माणसाने नुसता हात लावला तर हा सगळा किनारा डोक्यावर घेतो!" आजीने विणकाम खाली ठेवलं आणि आवाज उतरवला. "कोणी तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. लोक म्हणतायत, बहीण पोलीस आहे, तिनेच भावाला आणि डुकराला दोघांना पळवायचा बेत केला असेल."

मादलेन हसायला गेली, पण हसू आलं नाही. गावाने तसं धरलं तर उद्या पास्कॅलच्या बाजूने उभं राहायला एकही माणूस उरणार नव्हता.

३

पहिला संशय गावाने सोयीस्करपणे परक्यावर घेतला होता. तावोआ हा सांतो बेटावरचा सुळ्यांचा व्यापारी. गेला आठवडाभर तो पाहुणाघरात मुक्काम ठोकून होता आणि म्ब्रुसालच्या सुळ्यांवर त्याचा डोळा होता. ते तो लपवतही नव्हता.

"मला ते सुळे हवे होते, हो. पण जिवंत जनावर बगलेत मारून नेऊ का मी?"

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"इथेच. मी कावा पीत नाही, आमच्या पंथात चालत नाही. मग कुठे जाणार? भात शिजवला, तोही करपला."

"हाक मारून दाखवा."

तावोआने ओठ मिटले, गाल फुगवले आणि जोर केला. मादलेनच्या सदऱ्यावर थुंकीचा सडा पडला. दोन बायका वाट अडवून पाहत होत्या, त्या पोट धरधरून हसल्या. "अजून एकदा, तावोआ! डुकरं नाही आली तरी बेडकं येतील!" तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. मादलेनने सदरा पुसला आणि त्याचं नाव मनातून खोडलं.

बातिकमामा तिच्या आईचा सख्खा भाऊ. तो मळ्यात लहान डुकरांना खायला घालत होता. त्याने ओठ फडफडवले मात्र, झाडीतून पिल्लं धडपडत आली. अशी हाक गावात दुसऱ्या कोणाची नाही.

"विचार," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "सगळे तेच म्हणतायत ना? मामानेच नेला. पोटच्यासारखा वाढवला, जीव तुटला, म्हणून लपवला."

"तुटला का जीव?"

"तुटला. त्याचे वरचे दात मी काढले, लहान होता तेव्हा. सुळे गोल फिरले, मग त्याला कठीण खाता येईना. मी याम चावून भरवायचो. असा डुक्कर मारणाऱ्याला मानाचं नवं नाव मिळतं. मला ते घ्यायचं होतं, बापाच्या नावाच्या वरचं." त्याने हातातलं पान भिरकावलं. "पण मी भाच्यासाठी दिला. दिलेली गोष्ट मामा मागे घेतो का गं?"

"काल संध्याकाळी?"

"नकामलमध्ये. डुक्कर माझा, म्हणून पहिला कावा मला. सगळ्यांच्या आधी प्यायलो, सगळ्यांच्या आधी गार झालो. विचार कोणालाही."

तिने विचारलं. सगळ्या पुरुषांचं उत्तर तेच होतं: नकामलमध्ये होतो, प्यालो, बसलो. कोण मध्येच उठलं? कोणास ठाऊक. कावा चढला की माणूस अंधारात स्वतःतच बसतो. शेजारी कोण आहे, नाही, याचं भान कोणाला?

फिदेल होडी डांबरत होता. लहानपणापासून तिच्या घरात खाऊन-पिऊन वाढलेला मुलगा, पास्कॅलची सावली. त्याची बायको सेलिन पोटुशी होती. सावलीत बसून नारळ सोलत होती.

"मी दोन करवंट्या प्यालो, ताई. कडक होता. पाय लटपटत होते. तरी म्हटलं, घरी जाता जाता एकदा बघून यावं. पास्कॅलचा जीव त्याच्यात अडकलाय ना. बघतो तर खुंट रिकामा."

"मग ओरडलास."

"मग ओरडलो. गाव गोळा होईस्तोवर घसा बसला."

"कोणाला पाहिलंस?"

"कोणाला नाही." त्याने ब्रश डांबरात बुडवला आणि तिथेच धरून ठेवला. "ताई, खरंच ते पास्कॅलला नेतील का गं?"

सेलिनने नारळावरून मान वर केली आणि लगेच खाली घातली.

घरी पास्कॅल चुलीपाशी बसला होता. आईने कंद किसून भाजलेला लापलाप त्याच्या पुढ्यात तसाच गार झाला होता. मादलेनने त्याला सगळं सांगितलं: आजीची हाक, तावोआची थुंकी, मामाचं बोलणं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"ताई," तो म्हणाला, "शोधू नकोस."

"काय बोलतोयस?"

"डुक्कर शोधू नकोस. उद्या मी एकटा ओढ्यावर जातो. काय व्हायचं ते होऊ दे."

४

दिवसभर पायपीट करून तिच्या हाती एक विचित्र गाठ लागली होती आणि ती सुटत नव्हती. ज्यांना हाक येते त्या बायका चर्चमध्ये गात होत्या, सगळ्या एकमेकींच्या समोर. मोठी मुलं किनाऱ्यावर फुटबॉल खेळत होती, पाद्रीबाबा शिट्टी घेऊन मध्ये. उरले पुरुष, ते नकामलमध्ये. कोणीतरी खोटं बोलत होतं, आणि अंधारात बसलेल्या माणसांमध्ये खोटं शोधायचं कसं?

आणि आता भावाचं हे. त्याला कळलं होतं का कोण ते? तसं असेल तर मरायला तयार होण्याइतकं तो कोणाला जपत होता? तिला आईचा चेहरा आठवला आणि तिने तो विचार झटकला. आई तर तालमीत तिच्या शेजारीच उभी होती.

सूर्य खाली गेला. नकामलमधून पुरुष एकेक करून परतू लागले. बातिकमामाही आला. सवयीने मळ्याकडे वळला, कुंपणापाशी थांबला, आणि कमरेची करवंटी काढून फळीवर ठकठक वाजवू लागला. पिल्लं गोळा झाली.

"मामा, हाक का नाही मारत?" तिने विचारलं.

त्याने नुसता हात हलवला. आत जा, असा.

"तो संध्याकाळी करवंटीच वाजवतो," आई घरातून म्हणाली. "माझा बापही तसंच करायचा. पुरुषांच्या सवयी असतात, बाई. आपण विचारायचं नसतं."

मादलेन तिथेच उभी राहिली. तिच्या जिभेवर एक जुनी चव आली, मातीची, मिरीसारखी.

विलामध्ये कावा विकणारे ठेले असतात, आणि तिथे बायकाही पितात. पहिल्या वर्षी पोलीस ठाण्यातल्या मैत्रिणींनी तिला नेलं होतं. एक करवंटी रिकामी केली आणि काही वेळाने जीभ कोणा दुसरीचीच झाली. मैत्रिणींनी विचारलं, तुझ्या गावाचं नाव काय? गावाच्या नावातही तोच आवाज. तिने ते सांगायला ओठ मिटले, हवा सोडली. ओठ हललेच नाहीत. नुसतं फुस्स झालं. सगळ्या हसून हसून लोळल्या. घरी हे तिने कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं. कावा प्यायलेली लेक आईने उंबऱ्यात घेतली नसती.

बधिर ओठ फडफडत नाहीत. म्हणून मामा करवंटी वाजवतो. म्हणून काल सगळे पुरुष "तो गेला, तो गेला" म्हणत होते.

एक सोडून.

तिने त्याला भरवलं होतं, त्याचं नाक पुसलं होतं. तिने नाव मनातही घेतलं नाही, घरात गेली आणि आईशेजारी आडवी झाली. झोप कसली येते?

५

समेटाच्या दिवशी कावा सकाळीच होतो. ऊन चढलं तेव्हा नकामलमध्ये पहिली फेरी झालेली होती आणि पुरुष अंगणात सुन्न बसले होते. ओढ्याच्या बाजूने माणसांचा गलबला ऐकू येत होता. नाऊरेची माणसं उतरली होती.

मादलेन कुंपणाला टेकून उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. मागे गावातल्या बायका जमल्या, पुढे तिची आई, आणि दोन बायकांनी धरून आणलेली जर्मेनआजी.

"चीफ, मला बोलायचंय. सगळ्यांच्या देखत."

"डुक्कर सापडला?" चीफ अडखळत म्हणाले.

"नाही. पण कोणी नेला ते सांगते. आधी तुम्ही त्याचं नाव घ्या."

"कोणाचं?"

"डुकराचं."

काहीतरी अघटित मागितल्यासारखे चीफ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ओठ मिटले. फुस्स. पुन्हा. फुस्स. मागे कोणीतरी पुरुष खुदकन हसला. "मामा, आता तुम्ही घ्या," मादलेन म्हणाली. बातिकमामाने तर प्रयत्नही केला नाही. तो डोळे बारीक करून तिच्याकडे पाहू लागला. त्याला कळायला लागलं होतं.

"कावा प्यायलेल्या ओठांना तो आवाज येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना हे माहीत आहे. पण परवा संध्याकाळी तुमचे कान जागेवर नव्हते. आमचे होते, पण कावा ओठांचं काय करतो हे आम्हाला कोणी सांगत नाही. म्हणून ही गोष्ट अख्ख्या गावाच्या डोळ्यांसमोर पडली होती आणि दिसली कोणालाच नाही."

"बाईमाणसाला काय ठाऊक कावाचं?" कोणीतरी गुरकावलं.

"मी प्यायलेय."

मागे आईने श्वास आत ओढला, तो मादलेनला स्पष्ट ऐकू आला. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढे बोलणं झालं नसतं.

"जर्मेनआजीने हाक ऐकली. स्वच्छ, दमदार. म्हणजे हाक मारणाऱ्याने त्या संध्याकाळी कावा घेतलेला नव्हता. तावोआ पीत नाही, पण त्याला हाक येत नाही. तुम्हाला हाक येते, पण तुम्ही प्यायला होतात. तुमच्यातला एकजण प्यायलाच नाही. करवंटी घेऊन तो रिवाजाप्रमाणे झाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि कावा मातीत ओतला. अंधारात कोण बघतंय? मग उठला, म्ब्रुसालला नेऊन लपवलं, परत येऊन बसला. सगळं नीट झालं होतं. पण संशय येऊ नये म्हणून त्याने स्वतःच आरडाओरडा केला, आणि डुकराचं नाव घेऊन केला. प्यायलेला माणूस ते नाव घेऊच शकत नाही, याचं त्या घाईत त्याला भान राहिलं नाही." तिने मागच्या बायकांकडे हात केला. "आम्ही सगळ्या बायकांनी ते नाव चर्चमध्ये ऐकलंय."

"कोण ओरडलं?" चीफनी विचारलं.

सेलिन पोटावर दोन्ही हात धरून उभी होती.

"कोण ओरडलं?" चीफ पुन्हा म्हणाले, या वेळी बायकांकडे बघून.

"तुझा मुलगा," जर्मेनआजी म्हणाली.

६

फिदेल उठला तेव्हा त्याला धरायला कोणी पुढे झालं नाही. तो स्वतःच चालत कुंपणापर्यंत आला.

"तुला तो डुक्कर हवा होता," मादलेन म्हणाली. आता तिला रडू आवरत नव्हतं. "चीफ व्हायला मोठा डुक्कर लागतो ना? त्यासाठी माझ्या भावाचा जीव? आमच्या घरचं खाल्लंस रे तू!"

"फिदेल, गप्प बस!" पास्कॅल बायकांच्या गर्दीतून धक्के मारत पुढे आला. "एक शब्द बोलू नकोस. ताई, तू चल घरी."

"नाही," फिदेल म्हणाला. "पुरे झालं." मग तो बापाकडे वळला. "ट्रक मी चालवत होतो."

चीफ बसल्या जागी मागे सरकले.

"हा मागे पोत्यांवर झोपला होता. जागा झाला तेव्हा मुलगी माझ्या हातात होती. म्हणाला, तू चीफचा मुलगा, तुझी बायको पोटुशी. हाताला रक्त लागलेला माणूस चीफ होत नाही. मी चालवत होतो असं सांगतो, म्हणाला. मी नको म्हणालो नाही, बाबा. मला बरं वाटलं." फिदेलने तोंडावरून हात फिरवला. "पण तो आज दोरी धरून म्हणणार होता, माझ्या हातून झालं. पूर्वजांपुढे, त्या पोरीच्या बापापुढे. खोटं. दोरीवरचं खोटं ज्याच्या तोंडून निघतं त्याचं घर संपतं. ते मला बघवणार नव्हतं. आणि खरं बोलायची छाती नव्हती. म्हटलं, डुक्करच नसला तर शपथ होणार नाही. पुढचा विचारच नाही केला. जुन्या खोबऱ्याच्या भट्टीत बांधलाय."

मादलेनला चोर बरोबर सापडला होता, पण त्याच्या मनातलं ओळखायला ती साफ चुकली होती. दिवसभर जोडून जोडून आणलेल्या विचारांत ही एक गोष्ट कुठे बसतच नव्हती, की दोघेही एकमेकांना वाचवत होते. पास्कॅल तिच्याकडे असा बघत होता जणू तिने त्याच्या हातून काहीतरी हिसकावून घेतलं होतं.

"ताई, तुला सांगितलं होतं ना," तो म्हणाला. "आता ते त्याला मारतील."

चीफ उठले. काही क्षण वाटलं, मुलाच्या थोबाडीत देतील. त्यांनी फक्त बातिकमामाला खूण केली. "भट्टीवर जा. घेऊन ये त्याला." मग मुलाला म्हणाले, "चल ओढ्यावर. दोरी तू धर. मी तुझ्या मागे उभा राहतो. चीफ म्हणून नाही."

ओढ्याच्या पलीकडे नाऊरेची माणसं उन्हात दाटीने उभी होती. अलीकडे खालचं गाव. आई मादलेनशेजारी येऊन उभी राहिली. तिचा हात धरला आणि सोडला नाही. म्ब्रुसाल सुळे मिरवत, धापा टाकत आला. बातिकमामाने दोरी फिदेलच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं.

फिदेल गुडघाभर पाण्यात उतरला. "हे माझ्या हातून झालं," तो म्हणाला. "पास्कॅलच्या नाही. माझ्या." मग त्याने सगळं सांगितलं, अडखळत, वरच्यांच्या भाषेत.

पलीकडे एकच गलका उठला. दोन कोयते उन्हात चमकले. पास्कॅल पाण्यात उडी घेणार होता. मादलेनने आणि आईने मिळून त्याला कवेत घट्ट धरलं. नाऊरेने हात वर केला आणि आपल्या माणसांना गप्प केलं. तो एकटाच पाण्यात आला. ठेंगणा, सुकलेला माणूस. फिदेलच्या अगदी पुढ्यात उभा राहिला.

"त्याला मी दवाखान्यात विचारलं होतं," त्याने पास्कॅलकडे बोट केलं. "माझी मुलगी काही बोलली का? तो म्हणाला, नाही. तेव्हापासून मी रोज विचार करतो, एवढी बडबडी पोर, काहीच कशी नाही बोलली? तू होतास ना? बोलली का?"



"बोलली," फिदेल म्हणाला. "मी उचललं तेव्हा. म्हणाली, बाबांना सांगू नका मी रस्त्यावर खेळत होते. ते ओरडतील."

नाऊरेने खाली पाण्याकडे पाहिलं. मग त्याने हात पुढे केला आणि फिदेलच्या हातातली दोरी घेतली.

"नसतो ओरडलो," तो म्हणाला. "मी नसतो ओरडलो तिला."